सात वाजताच्या निधनवार्ता

मखमलाबादवाली गेली तेव्हा माझी आई टीव्हीसमोरच बसलेली होती. दोन संध्याकाळी ती बातमी आईच्या डोळ्यांपुढून सरकत गेली आणि आईला ती कळली नाही, कारण तिला वाचता येत नव्हतं.

नव्वदच्या दशकात नाशिकमध्ये घरोघर केबल आली. दर भागाचा केबलवाला वेगळा आणि प्रत्येकाचा स्वतःचा एक लोकल चॅनल. आमच्या केबलवाल्याच्या चॅनलवर दुपारी एक सिनेमा, संध्याकाळी एक सिनेमा आणि मधल्या वेळात साड्यांची दुकानं, मंगल कार्यालयं आणि वाढदिवसाचे फोटो. पडद्याच्या तळाशी एक पट्टी सरकत राहायची. उद्या पाणी येणार नाही, कुणाचं तरी पाकीट हरवलं आहे, आणि निधनवार्ता. कोण गेलं, अंत्ययात्रा किती वाजता, दशक्रिया कधी. फोन तेव्हा थोड्याच घरांत होते. पूर्वी मयताचा निरोप घेऊन भावकीतला एखादा माणूस सायकलवर गावोगाव फिरायचा. पट्टी आल्यावर त्याची सुटका झाली. मयताच्या घरचे शहरातल्या सगळ्या केबलवाल्यांकडे चिठ्ठी द्यायचे. 'पट्टी सोडली ना, मग कळेल सगळ्यांना,' असं लोक म्हणायला लागले.

सगळ्यांना म्हणजे वाचता येणाऱ्या सगळ्यांना. हे तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

आम्ही भाजीपाला पिकवणारी माणसं. मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर, बांधाला थोडा झेंडू. तीसेक वर्षं आई दर बुधवारी गंगेवरच्या बाजारात बसायची. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तिच्या शेजारी मखमलाबादहून येणारी एक बाई बसायची. दोघींनी एकमेकींना नावानं कधी हाक मारली नाही. आईसाठी ती मखमलाबादवाली आणि तिच्यासाठी आई सातपूरवाली. एखादी चहाला किंवा पोराच्या औषधाला उठली आणि तिच्या पाटीपुढे गिऱ्हाईक आलं, तर दुसरी आपला माल बाजूला ठेवून आधी तिचा माल विकायची. सख्ख्या बहिणीदेखील इतकं करत नाहीत, असं आई म्हणायची. आईच्या बहिणींनी खरंच केलं नव्हतं, पण तो विषय वेगळा.

पुढे आमच्या वावरात कॉलनी झाली. त्या कॉलनीतच एक लहान घर आम्हाला मिळालं. वडील वारले. मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरला लागलो. लग्न दोनदा ठरलं आणि दोनदा मोडलं, तिसऱ्यांदा मीच नको म्हटलं. घरात मी आणि आई. विकायला काही उरलं नाही म्हणून आईचा बाजार सुटला आणि बाजारातली माणसं भेटायची दोनच ठिकाणं राहिली, लग्न आणि दहावा. त्यातही आमच्याकडे लग्नाला एक वेळ गेलं नाही तर चालून जातं. दहाव्याला गेलंच पाहिजे. त्याला निमंत्रण नसतं. ऐकलं की निघायचं.

त्या आठवड्यात मला दुसरी पाळी होती, दुपारी तीन ते रात्री अकरा. म्हणून पट्टी मीही पाहिली नाही. पहिल्या पाळीच्या आठवड्यात मी चार वाजता घरी यायचो, आईबरोबर चहा प्यायचो आणि पट्टीवरची नावं तिला वाचून दाखवायचो. ते वाचणं दोन मिनिटांचं असे, पण त्यावर आई अर्धा तास बोले. 'हा म्हणजे आडगावच्या रस्त्याचा. याच्या बापानं विहिरीवरून लय भांडण केलं होतं.' दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मात्र जे मरायचे ते आईला न कळता मरायचे. ही गोष्ट मला ठाऊक होती आणि तिचं काही करावं असं मला वाटलं नव्हतं.

मखमलाबादवाली जाऊन पंधरा-सोळा दिवस झाल्यावर आई सहज म्हणून बुधवारच्या बाजाराला गेली. परत आली ती पिशवी दारातच ठेवून भिंतीला टेकून बसली.

"मखमलाबादवाली गेली," ती म्हणाली. "दहावाबी झाला. टीव्हीवर दिलं होतं म्हनं दोन दिवस."

मी पिशवी उचलून आत ठेवली.

"कावळा शिवंना म्हनं पिंडाला. तासभर झाला तरी नाय. लेकानं सगळं कबूल केलं, शेताचं, नातवाचं. तरी नाय. मग सून म्हनली, सातपूरवाली आली नाय म्हणून जीव आडकला असंल. माणूस धाडायचं म्हनले, पर आपलं नवं घर कुनाला ठावं नाय. शेवटी दर्भाचा कावळा केला." मग ती म्हणाली, "मी टीव्हीच बघत होते रे."

कावळ्यावर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. पण एवढ्या माणसांत आपलं नाव निघालं आणि आपण नव्हतो, हे आईच्या मनाला लागलं. चार दिवस तिनं टीव्ही लावला नाही. मला फार राग आला. आता इतक्या वर्षांनी कबूल करतो की त्यातला निम्मा राग स्वतःवर होता. पण स्वतःवर काढायला राग जरा जड असतो. केबलवाला हाताशी होता.

त्याचं ऑफिस नाशिकच्याच द्वारका चौकात एका टायरच्या दुकानावर होतं. लोखंडी जिना, वर एक खोली, खोलीत चारपाच व्हीसीआर आणि वायरींचा गुंता. माणूस तिशीचा, बोलायला गोड.

"भाऊ, निधनाची पट्टी आपण फुकट चालवतो," तो म्हणाला. "एक रुपया घेत नाही. समाजसेवा आहे ती."

"ज्यांना वाचता येत नाही त्यांची सेवा कोण करणार?"

"त्यांनी शेजारी विचारायचं ना."

"मग सिनेमापण शेजारीच विचारतो, काय झालं म्हणून. तुमचं कनेक्शन कशाला हवं?"

तो हसला. माझी मागणी साधी होती. रोज संध्याकाळी एका ठरलेल्या वेळी निधनवार्ता मोठ्यानं वाचून दाखवाव्यात. पाच मिनिटं. तो म्हणाला, बघतो. महिन्यानं गेलो तर म्हणाला, जाहिरातवाले नाराज होतील. साडीच्या जाहिरातीआधी मयत कोण वाचू देईल? मी म्हटलं, पट्टी तर साडीच्या खालूनच जाते. तो म्हणाला, "भाऊ, खालून जाणं वेगळं आणि बोलणं वेगळं." त्याचंही खोटं नव्हतं. मेलेलं माणूस लिहिलेलं असेपर्यंत चालतं.

मी अर्ज लिहायला घेतला. स्टोअरमधल्या माणसाला अर्ज लिहायचा कंटाळा नसतो. 'परिसरातील अनेक वृद्ध व निरक्षर नागरिकांची गैरसोय होत असून...' असा तो सुरू होत होता. त्यात माझी आई कुठेच नव्हती. कार्बन घालून तीन प्रती काढल्या आणि कॉलनीत सह्यांना निघालो. रविवारची सकाळ होती, सगळे घरी होते. पहिल्याच घरात गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे सगळ्यांना येतं वाचता. पण तुमच्यासाठी करतो सही." दुसऱ्या घरातही तेच. तिसऱ्या घरातली म्हातारी अंगठा उठवणाऱ्यांतली होती, मला माहीत होतं, तिनं आमच्याच वावरात खुरपणी केली होती. तिचा मुलगा म्हणाला, "आईला सगळं येतं." म्हातारी आतून बघत होती. चौसष्ट सह्या झाल्या आणि चौसष्ट घरांत एकही निरक्षर माणूस निघाला नाही. मी तरी कुणाला नावं ठेवू? मीसुद्धा 'अनेक वृद्ध' असंच लिहिलं होतं.

ठरल्याप्रमाणे मंगळवारी सहा वाजता सगळ्यांनी द्वारकेला जमायचं होतं. मी साडेपाचलाच पोचलो. टायरच्या दुकानाखाली उभा राहून सव्वासातपर्यंत येणारी प्रत्येक सिटीबस पाहिली. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी कुणी म्हणालं पाहुणे आले, कुणी म्हणालं मॅच होती. एकानं प्रामाणिकपणे सांगितलं, "राहू द्या हो. उद्या तो चिडून माझं कनेक्शन तोडेल." मी एका सरकारी कचेरीतही जाऊन आलो. तिथल्या बाबूनं अर्ज शांतपणे वाचला आणि विचारलं, "यात कायदा कुठला मोडला?" कायदा कुठलाच मोडला नव्हता. एक बाई दहाव्याला पोचली नव्हती, एवढंच झालं होतं.

त्या दिवसांत मला फार एकटं वाटायचं. डबा खाताना कारखान्यातले चिडवायचे, "काय, केबल मंत्री!" मीही हसायचो. पण घरी येऊन ज्याला हे सांगावं असं कुणी नव्हतं, कारण आईला यातलं काही सांगितलंच नव्हतं. तिला वाचता येत नाही म्हणून मी गावभर अर्ज घेऊन फिरतोय, हे तिला कसं सांगणार?

वर्ष होत आलं तेव्हा केबलवाला एकदा वैतागला. म्हणाला, "भाऊ, तुम्ही कायम अनेक वृद्ध, अनेक वृद्ध म्हणता. एक तरी आणून दाखवा ना. एका माणसानं समोर येऊन सांगू द्या की मला वाचता येत नाही, दुसऱ्या दिवशी चालू करतो."

हे कॉलनीत पसरलं, कारण पसरवणारे तिथे हजर होते. तिसऱ्या घरातल्या म्हातारीनं ते आईच्या कानावर घातलं. संध्याकाळी मी आलो तर आई इरकली लुगडं नेसून ओट्यावर बसलेली.

"चल," ती म्हणाली. "कुठं हाय तो?"

लोखंडी जिना ती कठड्याला धरून एकेक पायरी चढली. वर गेल्यावर केबलवाल्यानं खुर्ची दिली, पण ती बसली नाही. बाजारात गिऱ्हाइकाशी बोलायची तशी बोलली.

"मला वाचता येत नाय, बाबा. माझी मैत्रीण मेली, ती तू मला दाखवली पर सांगितली नाय. महिन्याचे पैशे मी तुला मोजून देते. तुझ्या शिनेमातली माणसं दिवसभर बोलत्यात. माझ्या माणसांचं तेवढं बोलून सांग."

खोलीत दोघं-तिघं होते, सगळे वायरींकडे बघायला लागले. केबलवाल्यानं एका व्हीसीआरचा आवाज बंद केला. मग म्हणाला, "सात वाजता चालेल का, आजी?"

"दिवाबत्तीला? चालंल."

जिना उतरताना तिनं माझा हात धरला. मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदमच. वर्षभर चौसष्ट सह्यांआड मी जे लपवत होतो ते तिनं एका वाक्यात सांगून टाकलं होतं. खाली आल्यावर ती म्हणाली, "मला का नाय सांगितलं आधी?" मी म्हटलं, उगाच तुला त्रास. ती बसच्या थांब्याकडे चालायला लागली.

केबलवाल्यानं शब्द पाळला, फक्त अर्धा. वाचायला माणूस नाही म्हणाला. आवाजाला वजन पाहिजे, आणि अशा बातम्या वाचायला त्याच्याकडचं कुणी तयार नाही. "भाऊ, तुम्हीच वाचा ना. मागणी तुमची आहे." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. कारखान्यात विनवण्या करून कायमची पहिली पाळी घेतली. तीनला सुटायचं, बस धरून द्वारका गाठायची, लोकांनी आणून दिलेल्या चिठ्ठ्या लावायच्या, नावं नीट विचारून घ्यायची, सहाच्या सुमारास आवाज टेपवर घ्यायचा आणि तो चॅनलवर लागून संपेपर्यंत तिथेच थांबायचं. सात वाजता पडद्यावर तेवत्या समईचं चित्र आणि माझा आवाज. मी एक गोष्ट माझ्या मनानं घातली होती. सरकारी नावाबरोबर त्या माणसाला लोक काय म्हणत तेही वाचायचो. 'बाजारात ओझरवाले म्हणून परिचित.' त्याशिवाय आमच्या बायकांना कोण गेलं ते कळलं नसतं.

त्याचा उपयोग झाला. पहिल्या वर्षात आई सातआठ दहाव्यांना जाऊन आली. आडगावला, ओढा गावाला, एकदा पार घोटीला. आल्यावर म्हणायची, "लगेच शिवला कावळा." जणू हिनंच त्याला हाकारून आणला होता. चौसष्ट घरांतल्या ज्या म्हाताऱ्यांना सगळं वाचता येत होतं त्याही सात वाजता टीव्हीसमोर बसू लागल्या. केबलवाला माझा मान राखायला लागला. मग मी त्याला सोडला नाही. पाण्याचं वेळापत्रक वाच, धरणातून पाणी सोडणार असतील तर नदीकाठच्या लोकांसाठी दिवसातून तीनदा सांग, पोलिओच्या डोसाची तारीख सांग. दर मागणीला एक अर्ज. तो कपाळाला हात लावायचा आणि करायचा. लोक केबलच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे यायला लागले. बारशाची निमंत्रणं मात्र कमी झाली. मुद्दाम कुणी टाळलं असं नाही. पण माझा आवाज ऐकला की लोकांना समई आठवायची.

मी घरी पोचायचो ते साडेआठ-नवाला. आई ताट वाढायची, मी जेवायचो आणि लगेच अर्ज लिहायला बसायचो. बोलायला काही राहिलेलंच नसायचं. नावं तिनं आधीच ऐकलेली असायची. कोण गेलं ते मी सांगायचं आणि तो कोण होता ते तिनं सांगायचं, हा आमचा अर्धा तास कधी बंद पडला ते मला आठवत नाही. मला तो आठवतही नव्हता. मी समाजाचं काम करत होतो. अशी चार वर्षं गेली.

मग एकदा मला ताप आला. दोन दिवस अंथरुणावरच होतो. केबलवाल्याला निरोप दिला, तो म्हणाला, तुम्ही पडून राहा, मी कुणाला तरी बसवतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला होता. आईनं देवापाशी दिवा लावला आणि सात वाजायला आले तशी टीव्ही लावून समोर जमिनीवर बसली, टीव्हीच्या अगदी जवळ. मी मागे कॉटवर होतो. तिला अशी बसलेली मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या वेळी मी कायम द्वारकेला असे.

पडद्यावर समई आली. कुणा दुसऱ्याचा आवाज सुरू झाला. वाचणारा घाईत होता, पण बरा वाचत होता. आईनं पहिलं नाव अर्धं ऐकलं, उठली आणि टीव्ही बंद केला.

मला वाटलं, तिला ऐकू आलं नाही. "अगं, चार नावं असतील अजून. ऐक तरी, ओळखीचं निघेल कुणी."

"माझ्या वळखीचं कोन राह्यलंय आता? दीड वर्ष झालं, एकबी नाव वळखीचं नाय निघालं."

"मग रोज कशाला लावून बसतेस?"

तिनं टीव्हीवर कापड टाकलं. त्याची टोकं सारखी केली.

"तू बोलतो ना त्यात," ती म्हणाली. "घरी आल्यावर तू कुठं बोलतो?"

आणि ती भाकरी टाकायला आत गेली. परातीत पीठ मळल्याचा आवाज येऊ लागला. मी तिच्यापासून दहा पावलांवर होतो, ताप उतरला होता, हातात अर्ज नव्हता, संध्याकाळ सगळी मोकळी होती. तिला हाक मारावी, काहीतरी बोलावं असं फार वाटलं. चार वर्षं रोज संध्याकाळी अख्ख्या भागाला ऐकू जाईल असं बोलणारा मी, आईशी काय बोलावं ते मला सुचेना.